तांबड्या मातीची गोष्ट

परतवाडा मागे पडतं. घाट चढता चढता डांबरी रस्ता बैलगाडीच्या चाकोरीत विरतो. साल 1910 च्या आसपासचं, आणि तुम्ही मेळघाटात आहात.

समोरासमोर दोन ओळींत घरं, मधून वाट : हे कोरकू आदिवासींचं गाव. कडेला सागाचे कोरीव मुंडे उभे आहेत, त्यांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार. गावातल्या दिवंगतांची ही स्मारकं. तुम्ही निरखता, हात लावत नाही.

रात्री शेकोटीपाशी जागा मिळते. म्हातारबाबा कोरकूत बोलतात, शेजारचा वऱ्हाडीत सांगतो. तुम्ही वही काढताच तो म्हणतो, "लिहाचं मंग पाहू जी, आंधी आयका."

सातपुडा ओसाड होता. इथं माणसं वसव, म्हणून रावणानं महादेवाला विनवलं. महादेवानं कागेश्वर कावळ्याला तांबड्या मातीचं वारूळ शोधायला धाडलं. त्या मातीचे बाई-पुरुषाचे पुतळे घडवले. इंद्राच्या घोड्यांनी तुडवले. पुन्हा घडवले, पुन्हा तुडवले. मग महादेवानं कुत्रा घडवून त्यात प्राण फुंकला. कुत्र्यानं घोडे हाकलले, आणि मुला-मुलाई ही जोडी जगली. त्यांचीच लेकरं कोरकू.

इथला रावण डोंगराची काळजी वाहणारा आहे. तुमच्या ओठांवर रामायणातली दुरुस्ती येते. ती गिळा. पाहुण्यानं घरच्यांची गोष्ट सुधारायची नसते.

1916. लंडनमध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड छापले जातात, ही कथा त्यांत आहे. मुखपृष्ठावर नावं रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांची. छापल्यामुळे कथा दूरवर पोचली. सांगणाऱ्याचं नाव मुखपृष्ठापर्यंत पोचलं नाही.

1974 मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प होतो. पुढं काही गावं डोंगर सोडून अकोल्याच्या अकोट तालुक्यात वसवली जातात. तांबड्या मातीतून जन्मल्याची गोष्ट आता काळ्या मातीत सांगायची. कुठली औषधी मुळी कुठल्या उतारावर मिळते हे भूमकाला, गावच्या वैदूला, ठाऊक आहे, पण सपाटीवर तो उतारच नाही. जागेपासून तोडलं की जाणतेपणही उपाशी राहतं.

2006. वनहक्क कायदा जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावर जंगलात राहणाऱ्या समाजांचा सामूहिक हक्क मान्य करतो.

तुम्ही आजच्या मेळघाटात परतता. वही जवळ आहेच. आधी ग्रामसभेला विचारा. सांगणाऱ्याची इच्छा असेल तर त्याचं नाव पहिल्या पानावर घाला. सांगू नका म्हटलेल्या औषधीची जागा लिहू नका. छापलेलं पुस्तक गावात नेऊन द्या, कोरकूत वाचून दाखवा, आणि गाव म्हणेल ती दुरुस्ती करा.