बाकी कादंबरी बरी आहे!

कादंबरी लिहायला प्रतिभा लागते, छापायला पैसा लागतो आणि विकत घ्यायला धाडस लागतं. तिच्यावर मत द्यायला मात्र काहीच लागत नाही. "अमकी कादंबरी वाचलीत का?" असं विचारलं तर आपला मराठी माणूस सहसा "नाही" म्हणत नाही. "चाळली" म्हणतो. चाळली म्हणजे मुखपृष्ठ पाहिलं, मागच्या बाजूचा मजकूर वाचला आणि शेवटचं पान उघडून नायिका जिवंत आहे ना, एवढी खात्री करून घेतली. ह्या भांडवलावर तो पाऊण तास बोलतो आणि उठताना "बाकी कादंबरी बरी आहे!" असा निकाल देऊन जातो. मराठी कादंबरीचे इतिहास पुष्कळ आहेत. पण तिच्याविषयी ओसरीवर, माजघरात आणि वाचनालयाच्या पायरीवर जे बोललं गेलं, त्याचा इतिहास मला जास्त गोड वाटतो.

मुळात नावापासूनच गंमत आहे. 'नॉव्हेल' हा प्रकार साहेबाबरोबर आला आणि आपण त्याला बाणभट्टाच्या नायिकेचं नाव देऊन टाकलं. सातव्या शतकातला हा बाणभट्ट आपली 'कादंबरी' अर्धवट ठेवून वारला. उरलेली त्याच्या मुलाने पुरी केली. "ह्याचा शेवट मी असतो तर असा केला असता" असं म्हणण्याचा वाचकाचा हक्क बहुधा तिथूनच सुरू झाला असावा. शिवाय संस्कृतात कादंबरी म्हणजे मद्यसुद्धा. तेव्हा पोरीबाळींच्या हातात कादंबरी बघून घरातली वडीलधारी माणसं दचकत, ती अगदीच शब्दकोश सोडून दचकत नव्हती.

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली 1857 साली. त्या वर्षी उत्तरेत तोफा धडाडत होत्या आणि इकडे मराठीतली पहिली कादंबरी विधवांची दुःखं सांगत होती. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. म्हणजे आपली कादंबरी जन्मली ती शेजारच्या वाड्यातलं रडणं ऐकत. पण रडणं शेजारी चालू असताना ते पुन्हा पुस्तकात कोण वाचणार? चारच वर्षांनी, 1861 साली, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली. ती लोकांना आवडली आणि मग तिच्या वळणाच्या अद्भुत कादंबऱ्यांची रीघच लागली. संकटं, वियोग, योगायोग आणि शेवटी सगळं गोड. हा वाचकांचा पहिला मोठा अभिप्राय, आणि तो अजून पुरता बदललेला नाही. 1872 साली काशीनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहिला. म्हणजे पहिल्या कादंबरीला पुरती पंधरा-सोळा वर्षं होतात न होतात तोच टीकाकार हजर! बाळाचं नाव 'नावल' की 'कादंबरी' हे ठरायच्या आत पत्रिका मांडून झाली होती.

खरी चर्चा पेटली ती हरिभाऊ आपट्यांच्या काळात. 1890 साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. 1893 साली तिचं पुस्तक झालं. आता क्रमशः कादंबरी ही काय चीज आहे ते पाहा. पुस्तक असलं की वाचक पान उलटतो आणि गप्प बसतो. क्रमशः असली की त्याला आठवडाभर उलटायला पानच नसतं. मग तो तोंड उघडतो. यमूच्या सासरच्या मंडळींना शिव्या देता देता घरातल्या कुणाचा तरी चेहरा समोर येतो आणि आवाज आपोआप खाली जातो. त्यातून काळ कसला, तर 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतीचं वय 10 वरून 12 करावं की नाही, ह्यावर पुण्यात सभा, उलटसभा आणि हाणामारीची भाषा. कायद्यावर घरातल्या बाईला मत विचारायची पद्धत नव्हती. पण "यमूचं फार वाईट झालं हो" असं म्हणायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तेव्हा मला वाटतं, बायकांनी त्या कायद्यावर मत दिलं ते असं, निवडलेल्या तांदळाच्या सुपाआडून, एका कादंबरीचं नाव पुढे करून.

हे मी पुस्तकं वाचून बोलत नाही. आमच्या घरी माझ्या आजीची थोरली बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. तांबडं आलवण, डोक्यावरून घेतलेला पदर, आणि त्या पदराखाली काय नाही हे आम्हा पोरांना कुणी सांगायची गरज नव्हती. आक्का दुपारी खिडकीशी बसून कादंबऱ्या वाचायची आणि त्या बदलून आणायचं काम माझ्याकडे. तिचे अभिप्राय सडेतोड असत. एका लेखकाच्या नायकाला तिने "ह्याला आधी दोन घागरी पाणी भरायला लावा" असं सुनावलं होतं. तीनशे पानांचं प्रेमप्रकरण "लग्नाला एवढं दळण?" ह्या तीन शब्दांत निकालात निघालं होतं. वाचनालयातले कारकून मला विचारायचे, "काय रे, आक्का काय म्हणाल्या?" आणि त्यावरून पुढच्या गिऱ्हाइकाला पुस्तक द्यायचं की नाही ते ठरवायचे.

एकदा मी 'पण लक्षात कोण घेतो?' आणून दिली. ती तिने चार दिवस वाचली. पाचव्या दिवशी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "परत करून ये." मी विचारलं, "कशी आहे?" आक्का म्हणाली, "अक्षर बारीक आहे." बस्स. पुढच्या आठवड्यात मी नवीन पुस्तक कुठलं आणू म्हणून विचारलं, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तीच आण." असं तिने तीनदा केलं. त्या कादंबरीवर आक्काने शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही.

बाकी वाचक असे मुके नसत. वाचनालयांची परंपरा आपल्याकडे जुनी: रत्नागिरीत 1828, पुण्यात 1848, ठाण्यात 1893, मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1898. पुस्तकावर काही लिहू नये ही पाटीही बहुधा तेवढीच जुनी असावी, कारण ती लावल्याशिवाय लिहायची आठवण होणार कशी? समासात पेन्सिलीने केलेले शेरे हे मराठी समीक्षेचं बिनमानधनाचं दालन आहे. एक वाचक "वा!" लिहितो. त्याखाली दुसरा "कसलं वा?" लिहितो. तिसरा दोघांचं शुद्धलेखन तपासतो. रहस्यकथा असेल तर चौथ्या पानावरच एखादा परोपकारी माणूस खुन्याच्या नावाखाली रेघ मारून ठेवतो.

1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आणि पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली, तेव्हा ही पेन्सिल फारच जोरात चालली असणार. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या बाईच्या मनातलं तिने उघड लिहिलं आणि गावभर गहजब झाला. पुस्तकात काय आहे ह्यापेक्षा ही विभावरी कोण, ह्याचीच चौकशी जास्त. ती बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. टोपणनाव घ्यावं लागलं ह्यातच वाचकांच्या अभिप्रायाची भीती किती खरी होती ते कळतं. शेरा पुस्तकावर मारला तरी वळ लेखिकेच्या पाठीवर उठायचे.

त्याच सुमारास घराघरांत फडके आणि खांडेकर अशा दोन फळ्या पडल्या. एक कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक, दुसरे शिरोड्याच्या शाळेत मास्तर. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा वाद त्यांनी लेखणीने घातला. वाचकांनी तो जेवणाच्या पानावर घातला. आमटी मात्र दोन्ही पक्षांची गार झाली.

मग 1963 साली 'कोसला' आली आणि भांडण बापलेकांत शिरलं. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर हात हलवत परत जातो. बाप म्हणाले, "ह्यात कथानक कुठाय?" पोरं म्हणाली, "आमच्यात तरी कुठाय?" वसतिगृहातली मुलं दर वाक्यामागे 'वगैरे' लावायला लागली. खर्च वगैरे पाठवणाऱ्या बापांना ते आवडलं नाही वगैरे. पुढे 'ययाति'कार खांडेकरांना 1974चं ज्ञानपीठ मिळालं आणि नेमाड्यांना 2014चं. दोन्ही फळ्यांनी "आम्ही म्हणतच होतो" असं म्हणून घेतलं.

एवढी सगळी मतं ऐकल्यावर नव्या कादंबरीचा खरा अभिप्राय शोधायचा कुठे? मी वाचनालयात गेलो की पुस्तक शेवटून उघडतो. तिथे तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते. काही गाजलेल्या ग्रंथांची चिठ्ठी नव्या पाटीसारखी कोरी असते, आणि कुठल्याशा जुन्या कादंबरीच्या चिठ्ठीला चिठ्ठ्या जोडत गेलेल्या असतात. तिच्यावर नाव नसतं, मत नसतं. नुसत्या तारखा. त्यातली एखादी तारीख आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा उमटलेली दिसली, की मी ते पुस्तक काही न विचारता घरी घेऊन येतो.