विसंवादांतून संवाद

कायद्याचा इतिहास म्हटला कीं विषय रुक्ष असणार, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. तथापि मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या कायद्याचा इतिहास ज्यांनीं पक्क्या पायावर उभा केला, त्या स्टेफान कुट्नर यांचें चरित्र आम्हांस मुळींच रुक्ष वाटत नाहीं. त्यांचा जन्म १९०७ सालीं जर्मनींत बॉन येथें झाला. घराणें मूळचें यहुदी. त्यामुळें १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता येतांच त्यांनीं स्वदेश सोडून रोमचा आश्रय घेतला.

तेथें व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत ते जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासांत गढून गेले. सुमारें ११४० सालीं बोलोन्या येथील ग्रेशियन नामक पंडितानें पोपांच्या आज्ञा, धर्मपरिषदांचे ठराव व आचार्यांचीं वचनें एकत्र करून त्यांतील विरोधाचा परिहार केला होता. आमच्या निबंधकारांनीं स्मृतिवचनांची एकवाक्यता करण्यासाठीं घेतलेल्या श्रमांची येथें आठवण होते. ग्रेशियनच्या ग्रंथावर पुढें टीकांमागून टीका झाल्या. परंतु त्यांतील पुष्कळशा अमुद्रित व युरोपभर विखुरलेल्या होत्या. ११४० ते १२३४ पर्यंतच्या या वाङ्मयाची सविस्तर सूचि कुट्नर यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केली. आधीं पोथ्या पारखाव्या, मग सिद्धांत मांडावे, हा धडा तिनें घालून दिला.

त्यापूर्वीं, १९३५ सालीं, त्यांचा अपराधविषयक ग्रंथ निघाला होता. मनुष्य दोषी केव्हां ठरतो? हेतु, अज्ञान, बळजोरी यांचा मध्ययुगीन शास्त्री किती सूक्ष्म विचार करीत, हें त्यांत दाखविलें आहे. त्याच वर्षीं न्युरेंबर्गच्या कायद्यांनीं जर्मनींतील यहुद्यांचे नागरिकत्वाचे हक्क हिरावले. जन्म हाच दोष ठरला! मध्ययुगास सरसकट अंधारयुग म्हणणारांनीं हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावींत, एवढेंच आम्ही सुचवितों.

१९४० सालीं कुट्नर अमेरिकेस गेले. वॉशिंग्टन येथें अध्यापन करीत असतां १९५५ सालीं त्यांनीं या विषयाची संशोधनसंस्था स्थापिली. पुढें येल व बर्कली येथें तिचें कार्य चालविलें. १९९६ सालीं ते निवर्तले. संस्थेस आज त्यांचें नांव आहे.

विसंवादांतून संवाद कसा निर्माण होतो, हा त्यांच्या १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानाचा विषय होता. स्वतःच्या आयुष्यांत एवढा विसंवाद सोसूनहि त्यांनीं देशोदेशींच्या अभ्यासकांस एका कार्यांत गुंफलें, हीच त्यांची खरी थोरवी असें आम्हांस वाटतें.