पोरक्यांच्या सणाचा वाटा
सर्वणच्या घरोघरी चवथीला माटोळीखाली बागडणे, नेवऱ्या खाणे हे सुख मुलांना न मागता लाभते. ज्यांना घरच नाही, त्यांचे काय? डिचोली तालुक्यातील वारकरी आषाढीला ज्या पंढरपुरास जातात, तेथे १८७५ साली या प्रश्नाला उत्तर मिळाले. न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने, प्रार्थनासमाजाच्या आश्रयाखाली, टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला. पुढच्याच वर्षीच्या दुष्काळात पोरकी झालेली मुलेही तेथे आली. गुजराती गृहस्थाने आरंभिलेले हे कार्य मराठी दात्यांनी आपलेसे केले. अन्नवस्त्राने देह वाचतो. बालपण मात्र नवा सदरा, खाऊ आणि गोष्टीचे पुस्तक मागते. शेजारच्या घरांनी आपल्या सणात या मुलांना वाटा द्यावा, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.