पाठ न फिरवणारे मिस्त्री

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझी उमेदीची वर्षं लेथवर गेली. आमचे जुने मिस्त्री टूलला धार लावताना पाठ फिरवून उभे राहायचे. पोरानं कोन बघू नये म्हणून. त्यामुळे बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीबद्दल वाचताना मी सिनेमांपेक्षा तिथल्या कामाच्या रीतीपाशी जास्त रेंगाळतो.

बाबुराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. सिनेमाच्या ओढीनं दोघं कॅमेरा बनवायच्या मागे लागले. १९१६ साली आनंदराव गेले. पुढचं काम बाबुरावांनी शिष्य विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन केलं आणि १९१८च्या सुमारास कॅमेरा तयार झाला.

हे काम किती नाजूक, ते लेथवाल्याला विचारा. हँडल फिरवलं की फिल्म सरकली पाहिजे, आणि प्रत्येक चौकटीला क्षणभर ठाम थांबलीही पाहिजे. मूकपटात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा चालायचं. शटर झाकलेलं असताना नखी फिल्मच्या भोकात शिरून तिला एक चौकट खाली ओढते, मग फिल्म थांबते, शटर उघडतं. कुठल्याही भागात केसभर ढिलाई राहिली की पडद्यावर चित्र थरथरणार. असा सुटा भाग दहादा घासून, बसवून, पुन्हा काढून बघावा लागतो. शेजारी उभ्या माणसाला तो का काढला हे सांगितलं, तरच अकराव्या वेळी त्याला काही सुचतं. दामल्यांना यंत्र कळलं ते अशा सहवासात, असं मला ठामपणे वाटतं.

या कॅमेऱ्यावर घेतलेला कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली आला. कंपनीत एकाला एकच काम, असं नव्हतं. फत्तेलाल मूळचे चित्रकार. शांताराम वणकुद्रे पोरसवदा वयात आले, पडेल ते काम करत गेले. १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये ते तरुण शेतकरी झाले आणि १९२७ साली ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शक. पुढच्याच वर्षी दामले-फत्तेलालांनी ‘कर्ण’ केला. गुरूच्या हयातीत, त्याच्याच कंपनीत शिष्यांनी चित्रपट दिग्दर्शित करावेत, ही मला त्या कॅमेऱ्याहून मोठी गोष्ट वाटते.

त्याची किंमतही पडली. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि त्यांचे सहकारी धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांसोबत त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ ही नवी कंपनी काढली. जुनी कंपनी मग फार टिकली नाही. विद्या लपवणारे मिस्त्री नेमकं हेच भय बाळगतात, आणि ते भय खोटं नाही. तरीही मी बाबुरावांच्या बाजूचा आहे. बोलपट आले तेव्हा ‘प्रभात’मध्ये ध्वनिमुद्रण सांभाळलं दामल्यांनी, नेपथ्य फत्तेलालांनी. या दोघांनीच केलेल्या ‘संत तुकाराम’मधलं गरुडाचं विमान मला चित्रकार आणि यंत्रज्ञ एकत्र विचार करत असल्याचा पुरावा वाटतं. तो चित्रपट १९३६ साली आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. १९३६ सालीच बाबुरावांनी आपला ‘सावकारी पाश’ नव्यानं, बोलपट म्हणून केला.