हरलेल्याची सही

कृष्णेचं पाणी कमरेपर्यंत आलंय. पहाटेच्या गारठ्यानं दात वाजताहेत. कऱ्हाडचा संगम, अठराव्या शतकाचा मध्य. तुमच्यापासून हातभर अंतरावर तुमचाच चुलतभाऊ पाण्यात उभा आहे. गावच्या पाटीलकीवर दोघांचाही दावा. त्यानं आधी फिर्याद मांडली म्हणून तो अग्रवादी. तुम्ही उत्तर दिलंत म्हणून तुम्ही पश्चिमवादी. काठावर गोत बसलंय: देशमुख, देशपांडे, शेजारपाजारच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी. महारही आला आहे. त्याची निशाणी कागदावर लागणार आहे, पण बसलाय मात्र लांब, एकटा.

इथवर पोचायला कितीतरी महिने गेले. गावात तुमच्या भावकीचा जोर, तिथं आपल्याला न्याय मिळणार नाही, असं चुलतभाऊ म्हणाला आणि त्यानं परस्थळ मागितलं. ते त्याला मिळालं. मग दोघांनी आपापली बाजू मांडणाऱ्या तकरीरी लिहून दिल्या, पिढ्यांची हकीकत सांगणारे करीने दिले, जामीन दिले. आणि सगळ्यांच्या आधी दिला तो राजीनामा. आज हा शब्द ऐकला की खुर्ची सोडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तुम्ही दिलेला राजीनामा त्याच्या अगदी उलटा. बसलेली सभा जो निवाडा करील त्याला आपण राजी आहोत, मागाहून फिरणार नाही, असं निवाड्याच्या आधीच लिहून दिलेलं ते कबुलीपत्र. त्याच्याशिवाय पंच कामाला हातच लावत नाहीत.

आता गोतातला एक म्हातारा पाण्यात उतरतो. खोटं वागलो तर बेचाळीस पूर्वज नरकात जातील, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तुम्हा दोघांपैकी खरा वतनदार कोण, हे त्यानं तोंडानं सांगायचं नाही. त्याचा हात धरून त्याला पाण्याबाहेर काढायचं. म्हातारा तुमच्याकडे बघतो. लहानपणी त्यानं तुम्हाला खांद्यावर बसवलेलं आहे. मग तो वळतो आणि चुलतभावाचा हात धरतो.

तुम्ही पाण्यात एकटे उरता.

काठावर निवाड्याचा महजर लिहिला जातो. कुणाची सही, कुणाचा शिक्का, पाटलाच्या नावाखाली नांगर, ज्याचा जो धंदा त्याची ती निशाणी. जिंकलेला सरकारात हरकी भरणार, हरलेला गुन्हेगारी, म्हणजे दंड. तुम्ही निघायला लागता, तर कारकून हाक मारतो. अजून एक कागद उरलाय आणि तो तुम्हीच लिहून द्यायचा आहे. त्याचं नाव येजितखत. माझा दावा खोटा ठरला, या वतनाशी माझा आणि माझ्या लेकरांचा संबंध नाही, असं हरलेल्यानं जिंकलेल्याला लिहून द्यायचं. कारकून कागद पुढे सरकवतो, दौतीत बोरू बुडवून हातात देतो. अंगावरचं पाणी कागदावर ठिबकू नये म्हणून तुम्ही जरा मागे सरकून बसता.

मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत मोलाचं काय वाटत असेल, तर तो हा कागद. निवाडा करणं फारसं अवघड नाही. चार शहाणी माणसं बसली की निवाडा होतो. अवघड आहे ते हरलेल्याला तो मान्य व्हायला लावणं. देशोदेशीच्या कायद्यांनी लवादासाठी जे काही रचलं, त्याची खरी परीक्षा तिथं आहे. म्हणून पुढच्या प्रवासात जाल तिथं तुम्ही हरलेलेच असणार आहात.

ओल्या धोतरानंच आणखी दोन हजार वर्षं मागे चला. अथेन्स, इसवी सनापूर्वी 330च्या आसपास. तुम्ही शेजाऱ्याला काही पैसे देणं लागता असं त्याचं म्हणणं, आणि रक्कम दहा द्राख्मांहून मोठी आहे. म्हणून खटला थेट न्यायालयात न जाता लवादाकडे आला. समोर बसलेल्या माणसाचं वय साठीला टेकलंय. इथं प्रत्येक नागरिकानं साठाव्या वर्षी वर्षभर लवाद म्हणून बसायचंच असतं. कारणाशिवाय टाळाटाळ केली तर नागरिकत्वाचे हक्क जातात. तो आधी समेट घडवायला बघतो. तुमच्यात समेट होत नाही. मग शपथ घेऊन तो निर्णय देतो, आणि तो तुमच्या विरुद्ध जातो.

इथं कुणी तुमच्याकडून काही लिहून घेत नाही. तुम्हाला अपील करता येतं. पण आधी बघा काय होतं ते. दोन मडकी आणली जातात, एक तुमचं, एक त्याचं. लवादापुढे तुम्ही जे जे मांडलंत, साक्षी, कायद्याच्या नकला, सगळं तुमच्या मडक्यात भरून त्यावर मोहोर उठवली जाते. वर लवादाचा निर्णय पाटीवर लिहून बांधला जातो. आता शेकडो ज्युरींपुढे जा, हवं तितकं भांडा. पण मडक्यात नाही असा एकही कागद तुम्हाला तिथं काढता येणार नाही. लवादाला हलक्यात घेऊन खरा पुरावा मागे ठेवला असेल, तर तो आता कायमचा मागेच राहिला. किती साधी आणि किती विचारपूर्वक केलेली ही योजना! हरलेल्याचं दार बंद केलं नाही, फक्त त्याला पहिल्याच पायरीवर सगळं बोलायला भाग पाडलं.

धोका लवादालाही असतो. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस आपल्या एका भाषणात स्ट्रॅटन नावाच्या लवादाची गोष्ट सांगतो. मायडियास हा धनाढ्य माणूस सुनावणीला आलाच नाही, म्हणून स्ट्रॅटननं निकाल त्याच्या विरुद्ध दिला. मायडियासनं डाव धरला आणि लवादांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, बाकीचे लवाद जवळपास नसताना, तक्रार करून त्या गरीब माणसाचे नागरी हक्क काढून घेतले. डेमॉस्थेनीस त्याला ज्युरींपुढे उभा करतो. हक्क गेलेला माणूस. त्याला तिथं तोंड उघडायचीही परवानगी नाही.

रोममध्ये फार रेंगाळू नका, पण एक गोष्ट बघून घ्या. रोमन माणूस लवादाच्या निवाड्याला स्वतःची ताकद देतच नाही. तुम्ही आणि तुमचा प्रतिपक्ष एकमेकांना वचन देता: निवाडा पाळला नाही तर अमुक इतका दंड भरीन. म्हणजे हरल्यावर तुम्हाला वाट मोकळी आहे. निवाडा मोडा, दंड भरा. प्रेटर, म्हणजे रोमचा न्यायाधिकारी, कुणावर लवाद होण्याची सक्ती करत नाही. पण एकदा हो म्हटलं की निवाडा देईपर्यंत त्याला सोडतही नाही.

हाच दंडाचा कागद पुढे इंग्लंडमध्ये भेटतो. 1609 साल. या वेळी तुमचं नाव विल्यम वाइल्ड. रॉबर्ट विनियरशी तुमचा वाद आहे, लवाद ठरलाय, आणि त्याचं ऐकीन म्हणून तुम्ही वीस पौंडांचं बंधपत्र लिहून दिलंय. निवाडा आपल्या विरुद्ध जाणार असा वास तुम्हाला येतो आणि निकालाच्या आधीच तुम्ही लवादाचा अधिकार काढून घेता. प्रकरण कोर्टात येतं. सर एडवर्ड कोक या बड्या न्यायाधीशांच्या वृत्तांतात निर्णय असा नोंदला आहे: लवादाला अधिकार तुम्ही दिलात, तेव्हा तो काढून घेणंही तुमच्याच हाती, कधीही मागे घेणार नाही असं लिहून दिलेलं असलं तरीही. फक्त वीस पौंड भरा.

कऱ्हाडचं गोत हे ऐकून थक्क झालं असतं. आधी राजी म्हणायचं आणि मग फिरायचं, आणि कायदा म्हणतो फिरू दे! पण इंग्लंडमधल्या पंचांच्या मागे ना नदी होती ना बेचाळीस पूर्वज. होतं फक्त एक बंधपत्र. शतक संपता संपता संसदेनं अशा बंधपत्रातली संपूर्ण दंडवसुली जवळपास निकालात काढली. मग लवादाचं काय? 1698 साली नवा कायदा आला. दोघांची इच्छा असेल तर लवादाचा करार कोर्टाच्या हुकुमात बदलून घ्या. मग तो मोडणं म्हणजे कोर्टाचा अवमान. हा मसुदा तयार करण्यात जॉन लॉकचा हात होता, तोच तत्त्वज्ञ ज्यानं राज्यसत्तेचा पाया लोकांच्या संमतीत शोधला. मला हा योगायोग वाटत नाही. संमती दिलेल्या माणसाला संमतीला कसं बांधून ठेवायचं, हा प्रश्न राज्याच्या बाबतीत आणि लवादाच्या बाबतीत एकच आहे.

आता पूर्वेकडे वळा. एदो, म्हणजे आजचं टोकियो. कऱ्हाडच्या घाटावर तुम्ही उभे होतात, साधारण तोच काळ. तुम्ही खेड्यातून आलेला शेतकरी. खटल्यासाठी आलेल्या पक्षकारांच्या खास खाणावळीत, कुजियादोत, उतरला आहात. खाणावळीचा मालक फक्त जेवण देत नाही. अर्ज कसा लिहायचा, कुठल्या कचेरीत काय बोलायचं, तेही सांगतो. कचेरीतून मात्र एकच ऐकू येतं: आपसात मिटवा. 1719 साली शोगुनच्या सरकारनं पैशांच्या तंट्यांबाबत तर असा हुकूमच काढला होता की ते कचेरीत आणूच नका, समोरासमोर बसून संपवा. तारखा पुढे ढकलल्या जातात. खाणावळीचं बिल वाढत जातं. शेवटी मध्यस्थ बसतात आणि नाइसाइ होतो, खासगी तडजोड. कागदावर दोघांच्या मोहरा उमटतात. इथं जिंकला कोण, हरला कोण, हे कागद सांगत नाही. पण मोहर उठवताना तुमच्या हातातल्या थैलीत किती नाणी उरली होती, हेही तो सांगत नाही. तडजोडीचं गुणगान करणाऱ्यांनी त्या थैलीत एकदा हात घालून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि हाच सवाल कऱ्हाडच्या संगमालाही विचारायला हवा. येजितखतावर तुम्ही जी सही केलीत, ती सगळीच श्रद्धेनं केलीत का? गोताच्या बाहेर पडला तर विस्तव मिळणार नाही, पाणी मिळणार नाही, लेकीला स्थळ येणार नाही, हेही तुम्हाला ठाऊक होतं. वाळीत टाकण्याचं हे हत्यार जातपंचायतींनी इतक्या निर्दयपणे आणि इतका काळ वापरलं की 2016 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. पंचांमध्ये परमेश्वर बघणाऱ्या समाजात पंचांच्या भीतीनं गाव सोडलेली माणसंही आहेत. येजितखताबद्दल मला आदर आहे. पण ते लिहून देणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक होती का, हे विचारल्याशिवाय तो आदर पुरा होत नाही.

जिनिव्हा, 14 सप्टेंबर 1872. नगरभवनाच्या दालनात पाच लवाद बसलेत: इटलीचा, स्वित्झर्लंडचा, ब्राझीलचा, एक अमेरिकन आणि एक इंग्रज. या वेळी तुम्ही एक माणूस नाही. तुम्ही ब्रिटन आहात, जगातलं सर्वांत मोठं आरमार बाळगणारं साम्राज्य. अमेरिकेच्या यादवी युद्धात तुमच्या बर्कनहेडच्या गोदीत बांधलेलं ‘अलाबामा’ जहाज बंडखोर दक्षिणेच्या हाती गेलं आणि त्यानं उत्तरेची व्यापारी गलबतं बुडवली. तुम्ही ते रोखायला हवं होतं, असा अमेरिकेचा दावा. निवाडा वाचला जातो: ब्रिटननं 1 कोटी 55 लाख डॉलर सोन्यात द्यावेत.

तुमचे लवाद, सर अलेक्झांडर कॉकबर्न, इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश, रागानं लाल झालेत. ते निवाड्यावर सही करत नाहीत. आपलं भलंमोठं वेगळं मत मांडून दालनातून निघून जातात. पण त्यांची सही नाही म्हणून निवाडा अडत नाही. तुम्ही पैसे भरता. कुणी तोफा रोखलेल्या नाहीत, वाळीत टाकणारं गोत नाही. 1871 साली वॉशिंग्टनमध्ये करार करताना दिलेला शब्द आहे, एवढंच. साम्राज्यानं इतर ठिकाणी काय केलं ते आपण विसरू शकत नाही. तरी त्या दिवशी हरलेल्या बलवानानं शब्द पाळला.

न्यूयॉर्क, 1958. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत परदेशी लवादांच्या निवाड्यांवर तीन आठवडे चाललेली परिषद. इथं कंटाळवाणी कलमं आहेत, पण कान देऊन ऐका. जुन्या व्यवस्थेत परदेशात निवाडा जिंकलेल्याला आधी त्या देशाच्या कोर्टाची संमती आणावी लागे, मग जिथं वसुली करायची तिथल्या कोर्टाची. दोन दारं, दोन रांगा. नेदरलँड्सचे पीटर सँडर्स नव्यानं मसुदा मांडतात आणि पहिलं दार काढून टाकतात. शिवाय पुराव्याचं ओझं फिरवतात. जिंकलेल्यानं निवाडा योग्य आहे हे सिद्ध करायचं नाही. तो का पाळू नये, हे हरलेल्यानं सांगायचं, आणि तेही मोजक्याच कारणांवरून. 10 जूनला करारावर सह्या होतात. भारत पहिल्याच दिवशी सही करतो.

त्या सहीचा कागद मागे टाकून तुम्ही घरी येता. आजची मुंबई, फोर्टमधल्या जुन्या इमारतीचा दुसरा मजला, भिंतीला लागून फायलींच्या थप्प्या. लवादाचा अवॉर्ड टेबलावर पडलाय. तुम्ही हरला आहात. करार करताना पान उलटून तुम्हीच लवादाच्या कलमाखाली सही केली होती. आठवतं? ठिकाण मुंबई, लवाद एक, निर्णय दोघांवर बंधनकारक. तोच राजीनामा, फक्त त्याचा पहिला अर्थ आता कुणाला ठाऊक नाही.

वकील बोटांवर हिशेब करतात. 1996च्या कायद्याचं कलम 34. अवॉर्ड हातात पडल्यापासून तीन महिने, वर फार तर तीस दिवस. पूर्वी नुसता अर्ज दाखल केला की वसुली आपोआप थांबायची. 2015च्या दुरुस्तीनंतर तसं नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. तुम्ही विचारता, आपली बाजू खरोखर बरोबर होती का. ते चष्मा काढून पुसतात. म्हणतात, लवादानं सगळं ऐकून घेतलं, निकालात मोठी चूक मला दिसत नाही. मग क्षणभर थांबून म्हणतात, पण वेळ मिळेल.

खाली रस्त्यावर टॅक्सीचा हॉर्न वाजतो. वकील वकीलपत्र पुढे सरकवतात आणि पेनाचं टोपण काढून पेन तुमच्या हातात देतात.