वाड्यातली भांडी कोण घासायचं?

आज दोन कॅलेंडरं शेजारी-शेजारी ठेवून बघू या.

पहिलं लंडनचं. राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे कारभार बघू शकत नव्हता, म्हणून ५ फेब्रुवारी १८११ पासून त्याचा मुलगा 'प्रिन्स रीजंट' म्हणून राज्य चालवायला लागला. १८२० मध्ये राजा वारला आणि मुलगा स्वतःच राजा झाला. मधली ही नऊ वर्षं म्हणजे 'रीजन्सी'. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेजुडिस' १८१३ ची. नेटफ्लिक्सवर आपण रात्र-रात्र जागून बघितलेल्या 'ब्रिजर्टन'ची गोष्टसुद्धा १८१३ मध्येच सुरू होते.

दुसरं कॅलेंडर पुण्याचं. १८११ मध्ये दुसरा बाजीराव गादीवर आहे आणि त्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यात येतो. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई होते, त्या दिवशी एल्फिन्स्टनचा संगमावरचा बंगला जळतो. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागतं. ३ जून १८१८ ला बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन होतो आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला जातो. तिकडे १८ जुलै १८१७ ला जेन ऑस्टिन गेलेली असते.

म्हणजे इंग्लंडमधली ती बॉलरूम आणि आपली पेशवाईची अखेर, हे एकाच दशकातलं आहे. आपल्या डोक्यात मात्र हे दोन वेगळे फोल्डर असतात. एकात मेणबत्त्या आणि नाच, दुसऱ्यात तह आणि लढाया.

दोन्हीकडे या काळावर भरपूर प्रेमकथा लिहिल्या गेल्या. तिकडे जॉर्जेट हेयरने १९३५ मध्ये 'रीजन्सी बक' लिहिली आणि तिच्या अशा कादंबऱ्यांतून 'रीजन्सी रोमान्स' हा प्रकारच उभा राहिला. आपल्याकडे रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ मध्ये आली. माधवराव-रमाबाईंची ती गोष्ट आपल्या आई-आजीच्या पिढीने डोळे पुसत वाचली आणि १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका म्हणूनही बघितली. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वरून २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला. त्यांचीच 'मंत्रावेगळा' तर थेट दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली.

आज प्रेम बाजूला ठेवू. प्रश्न साधा आहे: अशा गोष्टींमध्ये समई पेटलेली असते, पण ती पेटवतं कोण? पंगत उठते, मग पुढे काय होतं?

विस्तव

आधी विस्तवापासून सुरू करू. घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकरने १८२६-२७ च्या सुमारास शोधली. रॉकेल तर त्याच्याही खूप नंतरचं. म्हणजे १८१५ मध्ये ना लंडनच्या घरात काडेपेटी होती, ना नाशिकच्या वाड्यात. दोन्हीकडे चकमक झाडून ठिणगी पाडायची आणि ती कापसावर किंवा चिंधीवर धरायची. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे विस्तव विझूच द्यायचा नाही. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, पहाटे फुंकर घालून जागे करायचे. विझलाच तर शेजारून मागून आणायचा.

याचा अर्थ असा की घरात कुणीतरी एक माणूस सगळ्यांच्या आधी उठायचाच. इंग्लंडमध्ये ही सगळ्यात खालच्या मोलकरणीची ड्यूटी. शेगड्यांची राख काढायची, कोळसा भरायचा, आग पेटवायची आणि मालकीणबाईंचे डोळे उघडायच्या आत खोलीबाहेर पडायचं. आपल्याकडे त्याच वेळी जात्याची घरघर सुरू व्हायची. दळण ही रोजची गोष्ट होती, कारण पीठ टिकत नाही. आपल्या ओव्या त्या जात्यावर जन्मल्या, हे आपण कौतुकाने सांगतो. पण रोज पहाटे उठून दगड ओढायला लागतो, म्हणून गाणं लागतं, हेही त्यातच आलं.

अठरा कारखाने

मोठ्या घराचं काम वाटून दिल्याशिवाय चालत नाही. मराठी राज्यकारभारात 'अठरा कारखाने' म्हणायचे. हे कारखाने म्हणजे फॅक्टरी नव्हे, खाती. स्वयंपाकाचा मुदपाकखाना, पिण्याच्या पाण्याचा आबदारखाना, तंबू-बैठका-बिछायतींचा फरासखाना, कपडे-जवाहिराचा जामदारखाना, हत्तींचा पीलखाना. प्रत्येकाचा प्रमुख वेगळा, हिशेब वेगळा. आपल्या आयटीच्या भाषेत बोलायचं तर चक्क मायक्रोसर्व्हिसेस! पुण्यात फरासखाना पोलीस चौकी अजून आहे, नगरला तोफखाना आहे.

आणि आपल्या आडनावांमध्ये तर हे सगळं जिवंत आहे. कोठीची जबाबदारी असलेला कोठावळे. जामदारखान्याचा जामदार. पागेचा पागे. दिवटी धरणारा दिवटे. पेशव्यांच्या खासगी खात्याचा कारभार बघणारे खासगीवाले. तुमच्या वर्गातल्या हजेरीपटावर अर्धा वाडा बसलेला होता.

तिकडे एवढी खाती नव्हती, पण उतरंड तशीच. वर हाउसकीपर आणि बटलर, खाली भांडी घासणारी पोरगी. हाउसकीपरच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चहा, साखर आणि मसाले कुलपात, कारण महाग. जेन ऑस्टिन स्वतः चॉटनच्या घरात सकाळचा नाश्ता बघायची आणि चहा-साखरेच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची. तिच्या घरात राहणाऱ्या मैत्रिणीची, मार्था लॉइडची, पाककृतींची वही आज उपलब्ध आहे आणि तिच्यात हिंदुस्थानी पद्धतीची करी आहे! म्हणजे आपला मसाला तिकडे पोचला होता. त्यांचा चहा मात्र आपल्या घराघरांत पोचायला अजून बराच वेळ होता. पेशवाईतल्या गोष्टीत कुणी पाहुण्याला चहा विचारला, किंवा आमटीत टोमॅटो घातला, तर समजायचं की लेखकाने आपल्याच स्वयंपाकघरात डोकावलंय.

हिशेब आणि याद

हे सगळं आपल्याला कळतं कसं? कागदांवरून. पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले कागद ढिगांनी आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. सवाई माधवरावांचं लग्न १७८३ मध्ये झालं, तेव्हाची नाना फडणविसांच्या व्यवस्थेची याद प्रसिद्ध आहे. पाहुण्यांची सोय कशी करायची, पंगत कशी मांडायची, वाढप कसं करायचं, अशा बारीकसारीक सूचना. राज्य चालवणारा माणूस पानात काय कुठे वाढलं जातंय याकडे लक्ष देत होता. कारण पंगतीत कोण कुठे बसला आणि कुणाला काय मिळालं, हेच राजकारण.

आणि इथे आपलं नाशिक येतं. गंगापूर रोडने जाताना आपण आनंदवल्ली ओलांडतो. गावाचं जुनं नाव चावंडस. रघुनाथराव इथे वाडा बांधून राहिले आणि आनंदीबाईंच्या नावावरून आनंदवल्ली झालं. त्याच रस्त्याने पुढे गंगापूर गाव. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई, मुलाशी, म्हणजे माधवरावांशी, बिनसल्यावर पुणं सोडून तिथे येऊन राहिल्या. १७८८ मध्ये त्या इथेच, नाशिकला वारल्या. म्हणजे पेशवे घराण्यातल्या एकमेकींच्या विरोधातल्या दोन बायकांचे संसार आजच्या एकाच रस्त्यावर होते. आज तिथे कॅफे आणि टू-बीएचकेच्या जाहिराती आहेत.

गोपिकाबाईंचं एक पत्र नावाजलेलं आहे. नातू सवाई माधवराव लहान होते, त्यांना आजीने दिवस कसा घालवावा ते लिहून पाठवलं. उठणं, स्नान, संध्या, लिहिणं-वाचणं, जेवण, लोकांशी वागणं. एवढ्या लांब बसलेल्या बाईच्या हातात राज्य नव्हतं, पण दिनक्रम सांगायचा अधिकार होता. घर चालवणं ही त्या काळात मोठ्या घरातल्या बाईची खरी सत्ता होती, दोन्ही देशांत. 'प्राइड अँड प्रेजुडिस'मध्ये नायिकेचं नायकाबद्दलचं मत बदलायला लागतं ते कशाने? त्याच्या घरच्या हाउसकीपरने, मिसेस रेनॉल्ड्सने, त्याचं कौतुक केल्याने. नोकर मालकाबद्दल चांगलं बोलतात, म्हणजे घर नीट चाललंय आणि माणूस बरा आहे, हा तर्क तिला लगेच पटतो.

आणि आता भांडी

आता आपल्या शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ.

एक सोय आपल्याकडे होती: पत्रावळी. जेवण झालं की पान उचलून टाकायचं. चिनी मातीची शंभर ताटं धुवायला इंग्लंडमध्ये जी पोरगी लागायची, तिचं निम्मं काम आपल्याकडे पळसाच्या आणि केळीच्या पानांनी वाचवलं होतं. पण हंडे, तपेली, पराती होत्याच. राख-माती लावून घासायच्या, कल्हई गेली की पुन्हा करून घ्यायची. शिवाय सारवण, केर, दळण, कांडण, गोठा.

पेशव्यांच्या घरात स्वयंपाक सोवळ्यातला, म्हणून आचारी ब्राह्मण, पाणी भरणारेही ब्राह्मण. कुणी कशाला हात लावायचा हे जातीवरून ठरायचं. आणि सगळ्यात घाण काम ज्यांच्याकडे होतं त्यांना वाड्याच्या जवळपासही राहायची मुभा नव्हती.

मग दळण-कांडण, झाडलोट, गोठा? याचं मोठं उत्तर आहे 'कुणबीण'. इथे हा शब्द जातीचा नाही. पेशवाईतल्या कागदांत कुणबीण म्हणजे गुलाम बाई. विकत घेतलेली, भेट दिलेली, लढाईत किंवा दुष्काळात हाती लागलेली. एखाद्या बाईवर बदकर्माचा आरोप शाबीत झाला तर शिक्षा म्हणून तिला सरकारात कुणबीण केलं जायचं. तिची मुलंही त्याच जमेला. सरकारी कारखान्यांत, किल्ल्यांवर, कोठ्यांमध्ये आणि मोठ्या लोकांच्या घरांत त्या राबत. म्हातारपणी काहींना मोकळं केल्याच्या नोंदीही सापडतात. पण मोकळं होऊन जायचं कुठे, हे नोंदीत नसतं.

हे ऐकून 'बघा, आपलंच वाईट' असं वाटायला नको. इंग्लंडमधली मोलकरीण गुलाम नव्हती, पगार घ्यायची, नोकरी सोडू शकायची. पण तिच्या मालकिणीच्या चहात पडणारी साखर वेस्ट इंडीजमधले गुलाम पिकवत होते. १८१४ च्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये घराचा मालक अँटिग्वाला आपली मालमत्ता बघायला जातो, ती अशीच. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला, १८३३ मध्ये साम्राज्यातली गुलामी कायद्याने संपवली, पण कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. आपल्याकडे कायदा आला तो १८४३ मध्ये. म्हणजे पेशवाई गेल्यावरही पंचवीस वर्षं त्या बायका कायद्याने मोकळ्या झालेल्या नव्हत्या. इंग्रजांनी आपली घरगुती गुलामी बाहेर ठेवली होती आणि आपण वाड्याच्या आत, एवढाच फरक.

गोष्टीतून गायब

प्रेमकथेला निवांतपणा लागतो. नायिकेने खिडकीत बसून चंद्र बघायचा असेल तर तिच्या हातात काम असून चालत नाही. म्हणून दोन्हीकडच्या कादंबऱ्यांत कुणीतरी येतं, तबक ठेवतं, निरोप सांगतं, मागच्या पावली जातं. त्या येणाऱ्या बाईला फार तर नाव असतं, गोष्ट नसते.

इंग्रजीत २०१३ मध्ये जो बेकरने 'लाँगबोर्न' नावाची कादंबरी लिहिली. 'प्राइड अँड प्रेजुडिस'चंच घर, पण गोष्ट त्या घरातल्या मोलकरणीची. मूळ पुस्तकात एलिझाबेथ चिखलातून तीन मैल चालत बहिणीला भेटायला जाते आणि आपण तिच्या बेधडकपणावर फिदा होतो. बेकर विचारते, तो चिखलाचा परकर धुतला कुणी? एवढ्या एका प्रश्नाने पूर्ण पुस्तक उलटं फिरतं.

असं पुस्तक वाड्यातल्या कुणबिणीवर मराठीत वाचायला मला खूप आवडेल. ते 'स्वामी'च्या प्रेमाला खोटं ठरवण्यासाठी नको. रमा-माधवाचं प्रेम खरं असू शकतं आणि त्यांच्या समईत तेल घालणारी बाई विकत घेतलेली असू शकते. दोन्ही एकाच खोलीत.

सराफ बाजारातून पुढच्या वेळी गेलात तर सरकारवाड्यासमोर दोन मिनिटं थांबा. लाकडी खांब, नक्षी, दगडी काम बघून झालं की गाइड न दाखवणाऱ्या गोष्टी शोधा. पाणी कुठून यायचं? चूल कुठे असेल? मागचं दार कुठे उघडतं? जुन्या नाशकातले वाडे दर पावसाळ्यात एकेक करून पडतायत. पुढचा दर्शनी भाग वाचवायला निदान कुणीतरी ओरडतं. मागच्या मोरीसाठी कुणी ओरडत नाही आणि नेमकी तीच जागा त्या बायकांची होती.

आजच्यापुरतं एवढंच. घरी आजी असेल तर तिला विचारा, तुमच्याकडे जातं कोण ओढायचं. उत्तरात एखादं नाव येईल, बहुतेक आडनावाशिवाय. ते नाव लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!