ढिल्या झडपेची गोष्ट

छातीत जळजळलं की आपण ॲसिडलाच शिव्या घालतो. पण मला इतिहासात वेगळाच आरोपी दिसतो: अन्ननलिकेच्या टोकाची ढिली झडप. १९५५ मध्ये बाझलला सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून ती घट्ट केली. १९८८ मध्ये ओमेप्राझोल आलं. ॲसिड घटलं, झडप तशीच राहिली. ज्यांना गोळ्या पुरत नाहीत, त्यांचे डोळे आता पेशींकडे लागलेत. टोकियोच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच तोंडातल्या पेशींचे पापुद्रे वाढवून अन्ननलिकेतल्या जखमेवर लावले. पण जखम कॅन्सर काढल्याची होती. सांधलं अस्तर, झडप नाही. म्हणून 'स्टेम सेलनं ॲसिडिटी कायमची बंद' अशी रील दिसली, तर पैसे भरण्याआधी विचारा: झडपेवर चाचणी कुठे झाली?